टूल धरलंय, याची खात्री काय?

घरच्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटर आणि बॉल स्क्रू लावून सीएनसी करून घेतलेल्या माणसाच्या डोक्यात थोड्याच दिवसांत टूल चेंजर शिरतो. त्यात नवल नाही. ॲल्युमिनियमची साधी प्लेट करायची तरी फेस मिल, एंडमिल, सेंटर ड्रिल, ड्रिल, टॅप आणि शेवटी कडा मारायला चॅम्फर, एवढं लागतं. दर टूलला मशीन थांबतं. मग पान्याने ड्रॉबार सैल करा, हातोडीने ठोका, टूल बदला, उंची पुन्हा सेट करा. मशीन आपोआप चालतं आणि माणूस मात्र त्याच्यापाशी बांधलेला राहतो. मोठ्या उद्योगालाही हीच अडचण होती. अमेरिकेत मिलवॉकीच्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'मिलवॉकी-मॅटिक' हे स्वतः टूल बदलणारं मशीन आणलं, आणि मिलिंग मशीनचं 'मशीनिंग सेंटर' व्हायला तिथून सुरुवात झाली.

चिंचवडला आमच्या पार्किंगच्या शेडमध्ये असं एक मशीन मी गेली काही वर्षं चालवतो आहे. मूळचं आर८ स्पिंडलचं ड्रिल-मिल, कंट्रोल लिनक्ससीएनसीचा, आणि आता त्यावर घरी बनवलेला टूल चेंजर आहे. हे काम हाती घेणारे बहुतेक जण मला टूल्स ठेवायच्या चक्राबद्दल विचारतात: किती खणांचं करू, ते फिरवायला जिनिव्हा यंत्रणा लावू की स्टेपर, छत्रीसारखं फिरणारं घेऊ की टेबलाच्या कडेला सरळ रांग लावू? चक्र दिसायला छान असतं आणि त्याची रेखाटनंही भराभर होतात. पण माझं ठाम मत असं की चक्राला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी टूल पक्कं धरता आणि सोडता आलं पाहिजे. मग ते धरलं गेलंय हे मशीनला नक्की कळलं पाहिजे. या दोन गोष्टी साधल्याशिवाय केलेलं चक्र म्हणजे स्पिंडलमध्ये सैल टूल घालून देणारं यंत्र.

धरण्यापासून सुरुवात करू. कोणता टेपर आहे यावर अर्धं काम ठरतं. मोर्स टेपर असेल तर चेंजरचा विचार सोडा. त्याचा कोन इतका बारीक असतो की तो स्वतःच अडकून बसतो आणि हातोडीच्या ठोक्याशिवाय सुटत नाही. बीटी३०, आयएसओ३० यांचा ७:२४ चा टेपर मुद्दाम न अडकणारा केलेला असतो. मागच्या पुल स्टडला स्प्रिंगने ओढून धरायचं, हवेने सोडायचं. आर८ ची गोष्ट वेगळी. हौशी लोक त्यात पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मि.मी. चा कोलेट कायमचा बसवतात आणि सगळी टूल्स त्याच जाडीच्या सरळ दांड्याच्या होल्डरवर लावतात. होल्डरची कॉलर स्पिंडलच्या तोंडाला टेकते, त्यामुळे दर वेळी टूलची उंची तीच येते. माझ्याकडेही हीच पद्धत आहे. ती स्वस्त आहे आणि चालतेही, पण तिच्यात एक छुपी खोच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

ड्रॉबार ओढून धरायला डिस्क स्प्रिंग वापरतात, भोक पाडलेल्या पोलादी बशा म्हणा. एकीत एक सुलट्या ठेवल्या की जोर वाढतो, एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या की चाल वाढते. दोन्हींचा मेळ घालून हवा तेवढा ताण आणि हवी तेवढी चाल मिळवायची. इथे घाईत एक गोष्ट निसटते: या बशा पूर्ण सपाट होईपर्यंत दाबायच्या नसतात. एकूण चालीच्या पाऊण भागापर्यंतच न्यायच्या, आणि मोकळ्या स्थितीतही थोड्या दाबलेल्या ठेवायच्या. नाहीतर आतल्या कडेला चिरा पडतात. चिरलेली बशी बाहेरून दिसत नाही, ताण मात्र कमी होतो. रचना ठरवताना कॅटलॉगमधला जोर आणि चाल यांचा तक्ता समोर असू द्या. दुकानदार सांगेल तेवढ्या बशा ओवून मोकळं होऊ नका.

आता सोडण्याचं. स्प्रिंगचा ताण मोडायला वरून हवेचा सिलिंडर. हिशेब सोपा आहे. १०० मि.मी. बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सें.मी., म्हणजे ६ बार दाबाला सुमारे ४८० किलो जोर. माझ्या स्प्रिंगा टूल धरून असताना ७०० किलोच्या आसपास ओढतात आणि कोलेट पूर्ण उघडताना ८५० पर्यंत जातात. म्हणून एकावर एक दोन टप्प्यांचा सिलिंडर घेतला. ६ बारला साधारण साडेनऊशे किलो. कागदावर हे पुरेसं होतं.

पहिली इजा झाली ती बेअरिंगांना. सिलिंडर हेडवर बोल्टने पक्का बसवला होता, म्हणजे तो ड्रॉबार खाली दाबतो तेव्हा तेवढाच जोर स्पिंडलमधून बेअरिंगांवर येतो. स्पिंडल त्या वेळी थांबलेलं असतं. उभ्या स्थितीत त्याच त्याच गोळ्या रेसवर दाबल्या जातात आणि तिथे बारीक खळगे पडतात. काही महिन्यांनी मशीन गुणगुणायला लागलं, आणि बारीक एंडमिलच्या कामावर पृष्ठभागाला लाटा दिसू लागल्या. भोसरीत स्पिंडल दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, "वरून काय बसवलंयस रे याच्या डोक्यावर?" मी सिलिंडरचं सांगितलं. ते म्हणाले, "मग हजार किलो रोज कोण खातंय, ते बघ की."

त्यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे: सिलिंडर तरंगता ठेवायचा. तो हेडला घट्ट न बसवता चार मार्गदर्शक पिनांवर मोकळा लटकवायचा आणि त्याच्या खालच्या प्लेटला दोन बाजूंनी आकडे द्यायचे. स्पिंडलच्या वरच्या टोकाला एक कॉलर असते किंवा बसवता येते. हवा आली की दांडा ड्रॉबारला टेकतो, सिलिंडर स्वतः वर सरकतो, आकडे त्या कॉलरखाली अडकतात. मग दाबणं आणि ओढणं दोन्ही स्पिंडलच्या आतल्या आत होतं, बेअरिंगला काहीच लागत नाही. काम संपल्यावर आकडे आणि कॉलर यांच्यात एक-दीड मि.मी. मोकळी जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर स्पिंडल फिरताना घासेल. त्यासाठी सिलिंडर परत आपल्या जागी आणणाऱ्या हलक्या स्प्रिंगा लागतात. तयार बीटी३० स्पिंडलच्या काही रचनांत हा विचार आधीच केलेला असतो. विकत घेताना नेमका हाच प्रश्न विचारा: सोडण्याचा जोर कुठून जातो? उत्तर देता न येणाऱ्याकडून स्पिंडल घेऊ नये.

दुसरी घटना जास्त गंभीर. मॅक्रोमध्ये टूल बदलण्याचा क्रम असा होता: स्पिंडल थांबव, चक्र आत आण, हवा सोड, जी४ ने दोन सेकंद थांब, हेड वर ने, चक्र फिरव, हेड खाली आण, हवा बंद कर, पुन्हा दोन सेकंद थांब, चक्र मागे घे, स्पिंडल सुरू कर. सेन्सर एकही नाही, सगळा भरवसा त्या दोन सेकंदांवर. जॉबवरच्या चिप्स उडवणारी हवेची नळीही त्याच छोट्या कॉम्प्रेसरवर होती. लांबलेल्या कामात टाकीचा दाब ६ वरून ५ बारवर आला. वरचा हिशेब पुन्हा करा: ५ बारला दोन टप्पे मिळून ८००, आणि लागतात ८५०. कोलेट पूर्ण उघडला नाही. जुनं टूल घासत का होईना सुटलं. नवा होल्डर मात्र कोलेटमध्ये अर्धाच शिरला, चक्राचा प्लॅस्टिकचा काटा वाकला आणि दोन सेकंद संपताच स्प्रिंगांनी त्या अर्ध्या दांड्याला तसंच पकडलं. चक्र मागे गेलं. स्पिंडल २५०० आरपीएमला फिरलं, ५० मि.मी. चा फेस मिल जॉबला लागला आणि होल्डरसकट बाहेर फेकला गेला. समोर ६ मि.मी. जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा होता. त्याला खोल खड्डा पडला, पण तो फुटला नाही. तिथे ॲक्रिलिक असतं तर त्याचे तुकडे उडाले असते. पारदर्शक दिसतात म्हणून ही दोन प्लॅस्टिकं एकच समजू नका. चेंजरचा पहिला भाग विकत घेण्याआधी पॉलिकार्बोनेटचा पडदा लावून घ्या.

या घटनेवर मी खूप विचार केला, कारण वरवरचा उपाय 'सेन्सर लावा' एवढाच वाटतो. सेन्सर हवेतच. ड्रॉबारच्या वरच्या टोकाला पायरी असलेली गोल रिंग बसवायची आणि तिच्यासमोर दोन प्रॉक्सी सेन्सर. ड्रॉबारच्या स्थिती दोन नसतात, तीन असतात: पूर्ण खाली म्हणजे सोडलेलं, मध्ये म्हणजे टूल धरलेलं, आणि मध्याच्याही वर म्हणजे टूल नसताना रिकाम्या कोलेटने स्वतःलाच आवळलेलं. 'खाली नाही म्हणजे धरलंय' असं जो कंट्रोलर समजतो, तो रिकामं स्पिंडल घेऊन कामाला लागेल. मधली आणि वरची स्थिती वेगळी ओळखणं अवघड असतं. आर८ च्या कोनाने हिशेब केला तर कोलेट व्यासात ०.३ मि.मी. जास्त आवळला की ड्रॉबार जेमतेम १ मि.मी. वर जातो. त्यामुळे सेन्सर बसवायचा कंस जाड, ताठ आणि बारीक चुडीने सरकणारा हवा. पत्र्याच्या पट्टीवर बसवलेला सेन्सर आज बरोबर सांगेल, उद्या नाही.

पण ती छुपी खोच इथेच आहे. होल्डर अर्धाच आत असला तरी कोलेटने १९.०५ मि.मी. चाच दांडा पकडलेला असतो. ड्रॉबार बरोबर मधल्या स्थितीत येतो. दोन्ही सेन्सर म्हणतील, टूल धरलंय. ते खोटं बोलत नाहीत, फक्त टूल नीट बसलंय की नाही हे त्यांना कळत नाही. बीटी३० मध्ये असं होणं कठीण, कारण टूल पूर्ण आत गेल्याशिवाय पुल स्टडचं डोकं पकडीत येतच नाही. म्हणून आर८ च्या सरळ दांड्याच्या पद्धतीत दुसरा, वेगळ्या जातीचा पुरावा हवाच, आणि तो म्हणजे टूलची लांबी. टेबलाच्या कोपऱ्यात टूल सेटर बसवा आणि प्रत्येक बदलानंतर टूल त्यावर टेकवा. मोजलेली लांबी टूल टेबलमधल्या लांबीपेक्षा ०.२ मि.मी. हून जास्त वेगळी आली की मशीन थांबलं पाहिजे. अर्धवट बसलेलं टूल, तुटलेलं ड्रिल, चुकीच्या खणात ठेवलेला टॅप, कॉलरखाली अडकलेली मोठी चिप, या सगळ्यांना ही एक तपासणी पकडते. दर बदलाला काही सेकंद जास्त लागतात. ते द्यावेत.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी इथे दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण चूक व्हायची ती याच ओळींत होते. लिनक्ससीएनसीमध्ये सेन्सरची वाट पाहायला एम६६ आहे. त्याला क्यू देऊन कमाल वेळ ठरवता येतो. पण तो वेळ संपला तर प्रोग्राम आपोआप थांबत नाही. फक्त #५३९९ मध्ये उणे एक येतो आणि पुढची ओळ चालू होते. म्हणजे एम६६ लिहून पुढे #५३९९ तपासला नाही, तर सेन्सर असूनही तुम्ही पुन्हा नुसत्या वेळेवरच विसंबलेले असता. टूल सेटरसाठी जी३८.२ वापरा. स्पर्श झाला नाही तर तो चूक दाखवून थांबतो. जी३८.३ मुकाट्याने पुढे जातो. माक३ वापरणाऱ्यांनी जी४ चा आकडा सेकंदांत धरला जातो की मिलिसेकंदांत, हे सेटिंगमध्ये उघडून बघावं. दोन सेकंद म्हणून लिहिलेला २ तिथे दोन मिलिसेकंद ठरू शकतो. मूळ जीआरबीएलमध्ये टूल बदलायच्या एम६ ची सोयच नाही, त्यामुळे त्यावर चेंजर करायचा हट्ट सोडून आधी कंट्रोल बदला.

काही गोष्टी मात्र सॉफ्टवेअरवर सोडायच्याच नाहीत. स्पिंडल फिरत असताना ड्रॉबारच्या सॉलनॉइडला वीज मिळता कामा नये, आणि 'टूल धरलंय' हा सिग्नल असल्याशिवाय स्पिंडलच्या व्हीएफडीला 'चालू' मिळता कामा नये. दोन्ही रिलेने, तारांनी जोडा. कॉम्प्युटर अडकला, मॅक्रोत चूक झाली, तरी तार आपलं काम करते. हवेच्या वाटेवर रेग्युलेटरनंतर प्रेशर स्विच लावा. ड्रॉबारसाठी वेगळी छोटी टाकी ठेवा आणि तिच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्या, म्हणजे चिप्स उडवणारी नळी तिच्यातली हवा खाणार नाही. सेन्सरच्या तारा शील्ड असलेल्या, व्हीएफडीच्या केबलपासून दूर. व्हीएफडीच्या शेजारून गेलेल्या साध्या तारेत कसलाही सिग्नल उमटू शकतो, 'टूल धरलंय' हासुद्धा.

पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. ती बाकीच्या दिवशीही जाते. टूल बदलण्याच्या ऐन मध्यात वीज गेली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक व्हॉल्व्ह निवडताना विचारा. ड्रॉबारला एका सॉलनॉइडचा, स्प्रिंगने परत येणारा व्हॉल्व्ह हवा: वीज गेली की हवा निघून जाते आणि स्प्रिंगा टूल पकडतात. चक्राच्या सरकण्याला मात्र दोन सॉलनॉइडचा हवा, वीज गेल्यावर आहे त्या जागी राहणारा. तिथेही स्प्रिंगवाला लावला तर स्पिंडलने टूल पकडलेलं आणि चक्र ते ओढत मागे चाललेलं, अशी ओढाताण होते आणि काटे मोडतात. बॉल स्क्रूवरचं जड हेड वीज गेल्यावर स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. त्याला ब्रेक किंवा गॅस स्प्रिंग पाहिजे. वीज परत आली की स्पिंडलमध्ये कोणतं टूल आहे याबाबत कंट्रोलरच्या आठवणीवर विसंबू नका. डोळ्यांनी बघा आणि एम६१ ने तो क्रमांक स्वतः सांगा, मगच पुढचं.

आता चक्र. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. काटे पोलादाचे न करता डेलरिनचे करा आणि ते दोन छोट्या स्क्रूंनी बसवा, म्हणजे धडक झालीच तर काटा मोडेल, स्पिंडल वाचेल. चक्राला स्वतःचा होम सेन्सर हवा आणि तो दर बदलाआधी तपासला गेला पाहिजे, कारण उघड्या लूपची स्टेपर मोटर पावलं चुकली तरी सांगत नाही. चक्रावर झाकण लावा. चिप्स उडून होल्डरच्या कॉलरवर बसतात. ४० मि.मी. व्यासाच्या कॉलरखाली एका बाजूला ०.०५ मि.मी. ची चिप अडकली तर भूमितीप्रमाणे ८० मि.मी. खाली टूलचं टोक ०.१ मि.मी. हलतं, आणि बारीक कार्बाइड एंडमिल तेवढ्याने मोडतो. लांबीच्या तपासणीत इतकी बारीक चिप सापडत नाही. म्हणून टूल आत जाताना स्पिंडलच्या तोंडावर हवेचा फवारा द्या.

हात सांभाळा. ड्रॉबार मोकळा करायचं बटण दाबताना दुसरा हात टूलखाली नको. खाली लाकडाची फळी ठेवा. दाबलेल्या डिस्क स्प्रिंगांचा गठ्ठा उघडायचा तर लांब बोल्टने ताण हळूहळू सोडत उघडा, सर्कलिप काढून एकदम कधीच नाही.

आणि हे सगळं कोणी करावं? आठवड्याला एखादा जॉब, त्यात तीन टूल्स, एवढंच काम असेल तर नुसता हवेवर चालणारा ड्रॉबार आणि टूल सेटर बसवा. टूल हाताने बदला. माझ्या मते वाचणाऱ्या वेळातला मोठा भाग तिथेच मिळतो आणि धोक्यातला मोठा भाग टळतो. एकसारखे वीस-पंचवीस नग, दर नगाला पाच-सहा टूल्स, असं काम वरचेवर येत असेल तरच चक्र. आणि चक्र करायचंच असेल तर आर८ वर करू नका. पकड, स्प्रिंगा आणि तरंगत्या सिलिंडरची सोय असलेलं तयार बीटी३० स्पिंडल घ्या. पुल स्टड ४५ अंशांचे आणि ६० अंशांचे असे वेगवेगळे येतात. आपल्या पकडीला कोणता लागतो हे कागदावर लिहून घेऊनच दुकानात जा. दिसायला सारखा पण चुकीच्या कोनाचा स्टड अर्धवट पकडला जातो.

सगळं जोडून झालं की पहिल्या काहीशे बदलांत खरी टूल्स लावू नका. होल्डरमध्ये ॲल्युमिनियमचे गुळगुळीत दांडे लावा, वेगवेगळ्या लांबीचे, आणि मशीन रिकामं चालवत ठेवा. मध्येच कॉम्प्रेसर बंद करा. सेन्सरची एकेक तार काढून बघा. एका खणात मुद्दाम काहीच ठेवू नका, दुसऱ्यात चुकीच्या लांबीचा दांडा ठेवा, आणि बदलाच्या मध्यात मेन स्विच पाडा. प्रत्येक वेळी मशीन स्वतः थांबलं आणि स्पिंडल फिरलं नाही, तरच त्यात पहिला एंडमिल लावा.